पिण्यास योग्य

माझ्या सहीला आजवर कुणी किंमत दिलेली नव्हती. बँकेत मला ती तीनदा करायला लावतात आणि तिन्ही वेळा ती वेगळी येते. त्यामुळे आमच्या झोम्बा गावच्या बाजारात, टोमॅटोच्या ढिगांसमोरच्या खांबावर, ती हातभर लांब करून छापलेली दिसली तेव्हा मला राग आला नाही. आधी वाटलं, बरी दिसते की! हे मी आताच कबूल करून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात नाझोम्बेचा दोष किती आणि माझा किती, यावर आमच्या गल्लीत अजून एकमत नाही.

फलकावर लिहिलं होतं: 'नाझोम्बे यांचा चेतन-खडा. रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी प्या. रक्तदाब, साखर, सांधे, चिडचिड. सरकारी प्रयोगशाळेत तपासलेला. एलार्ड मक्विंजा, मुख्य रसायनतज्ज्ञ.'

यातलं 'एलार्ड मक्विंजा' एवढंच खरं होतं.

मी पाणी तपासतो. विहिरीचं, नळाचं, कधी सरोवराचं. माझा हुद्दा सहायक तंत्रज्ञ, तिसरी श्रेणी. चौथी श्रेणी नसते. तीन आठवड्यांपूर्वी हा नाझोम्बे तपकिरी सुटात आमच्या खिडकीशी बाटली घेऊन आला होता. अदबशीर बोलणारा. अकरा वर्षांत नियमाप्रमाणे बाटली उकळून आणणारा तो पहिलाच, म्हणून मला तो आवडला होता. पाणी तपासून मी लिहिलं: 'जंतू आढळले नाहीत. अपायकारक क्षार आढळले नाहीत. पिण्यास योग्य.' आणि सही ठोकली. आमच्याच नळाचं पाणी ते, दुसरं काय लिहिणार? त्यात खड्याऐवजी कुणी स्वच्छ धुतलेला बूट बुडवून आणला असता, तरी मी हेच लिहिलं असतं.

टोमॅटोवाल्या मायी फलेसींनी (बाईमाणसाला आमच्याकडं मायीच म्हणतात) मला ओळखलं. फलकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चार टोमॅटो वरून टाकले. "घ्या डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो. मात्र टोमॅटो पिशवीत पडल्यावर म्हणालो.

घरी आलो तर आमच्या पाण्याच्या माठात तळाशी काहीतरी काळं दिसलं. अंड्याएवढा गुळगुळीत दगड.

"अगं, हे काय?"

"खडा," माझी बायको एनिफा मक्याच्या पिठाची न्सिमा घोटता घोटता म्हणाली. "नाझोम्बे म्हणाले, साहेबांच्याच घरात नाही म्हणजे काय? मला लाज वाटली हो."

"तो दगड आहे."

"डोळे आहेत मला. पण तुम्हीच लिहिलंय ना, योग्य आहे म्हणून?"

"पाणी योग्य आहे!"

"मग पाण्यातच ठेवलाय की."

या युक्तिवादात कुठंतरी खोट होती, पण न्सिमा गरम होती आणि सोबत तळलेला चांबो मासा होता. मी तो वाद उद्यावर टाकला. असे पंधरा उद्या गेले. त्या पंधरा दिवसांत सायकल-टॅक्सीवाले मला न विचारता घरापर्यंत सोडू लागले, न्हाव्यानं रांगेतून पुढं घेतलं, आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावर माझ्यासाठी जागा राहू लागली. लोकांना सत्य सांगायचं हे मी ठरवलेलंच होतं. फक्त योग्य वेळ बघत होतो.

ती वेळ एका सकाळी कुंपणापलीकडून आली. समोर चिमोम्बो सर राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. मला विज्ञान त्यांनीच शिकवलं. उत्तराखाली एकक लिहिलं नाही तर पट्टीनं बोटं शेकायचे. ते भोपळ्याच्या वेलाला पाणी घालत होते.

"एलार्ड, तुझा अहवाल वाचला. फापटपसारा नाही. छान."

मी बावीस वर्षं या वाक्याची वाट बघत होतो.

"आणि हे बघ," म्हणत त्यांनी पायजम्याची कड वर केली. "सूज गेली. रक्तदाबाच्या गोळ्यांनी घोटे सुजायचे. त्या बंद केल्या. आज अकरावा दिवस, नुसतं खड्याचं पाणी."

माझ्या हातातला दात घासायचा ब्रश तसाच राहिला. "सर, तो अहवाल फक्त पाण्याचा आहे."

"मग मी काय पेट्रोल पितोय?"

"सर, गोळ्या बंद केल्यावर सूज जाणारच. सूज गोळ्यांची होती. पण दाब…"

"पुरावा?" सर म्हणाले.

पुरावा माझ्याकडं नव्हता. त्यांच्याकडं माझी सही होती.

तसाच ऑफिसात गेलो आणि आमच्या प्रमुख मायी काझेम्बे यांच्यासमोर उभा राहिलो. मुख्य रसायनतज्ज्ञ खरं तर त्या आहेत, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"या, मुख्य रसायनतज्ज्ञ," त्या म्हणाल्या. "माझी खुर्ची कधी नेताय? पाय मोडकाय तिचा, सांभाळून न्या."

मी म्हणालो, मला माझा अहवाल रद्द करायचाय.

"अहवाल चुकीचा आहे का?"

"नाही."

"मग रद्द काय म्हणून करू?"

"लोक त्याचा अर्थ चुकीचा काढतात."

"आपण जंतू तपासतो, मक्विंजा. अर्थ तपासत नाही. त्याला वेगळं यंत्र लागेल." आणि परवानगीशिवाय वरचा हुद्दा लावल्याबद्दल त्यांनी माझ्याकडंच लेखी खुलासा मागितला.

खुलासा लिहिला. लागलीच राजधानीलाही पत्र टाकलं, की या खड्याची विक्री थांबवा. लिलाँग्वेहून उत्तर आलं, दगड हा विषय खाणखात्याचा. खाणखात्यानं कळवलं, हा दगड पेयात घालतात, सबब तो खाद्यपदार्थ. खाद्यपदार्थवाल्यांनी विचारलं, दगड प्रत्यक्ष कोण खातो, त्याचं नाव-पत्ता द्यावा. तिन्ही पत्रांवर शिक्के होते. तिन्ही माझ्या सहीपेक्षा सुबक.

शेवटी एनिफानंच सुचवलं, "रेडिओवर का नाही बोलत?" आमच्या गावच्या रेडिओवर दर बुधवारी 'तज्ज्ञ बोलतात' असतं. मागच्या बुधवारी डुकराच्या खाद्याचे तज्ज्ञ होते. मी पाठ करून गेलो होतो. माईक समोर येताच म्हणालो, "खडा पाण्यात ठेवल्यानं पाण्यात कसलाही फरक पडत नाही. मी स्वतः तपासलंय."

फोन घणघणला. एक बाई. "कसलाही फरक नाही म्हणजे अपाय पण नाही ना, डॉक्टर?"

"अपाय नाही, पण…"

"बरं झालं बाई! माझी सासू दोन-दोन खडे टाकते. धन्यवाद हं." आणि खताची जाहिरात लागली.

दुसऱ्या दिवशी खांबावर नवी पट्टी चिकटवलेली होती: 'दुष्परिणाम शून्य. मक्विंजा यांनी स्वतः रेडिओवर जाहीर केले.'

मी तिथं उभा असताना एका सायकल-टॅक्सीवाल्यानं मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "वरून दाब आलाय ना, दादा? गोळ्यांच्या कंपन्यांचा?"

"नाही हो! मी खरंच सांगतोय, तो साधा दगड आहे."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कळतं आम्हाला. नोकरी आहे, बायको आहे. तुम्ही असंच बोलत राहा."

आता मात्र मला चेव चढला. लोकांना तर्क नको असेल तर प्रयोग दाखवू, म्हटलं. शनिवारी फुटबॉल क्लबच्या शेडमध्ये टेबल मांडलं. वीस मग, वीस माणसं. दहा मगांत खड्याचं पाणी, दहांत नळाचं. कुठल्यात काय, ते नंबर घालून लिफाफ्यात बंद, आणि लिफाफा मायी फलेसींच्या मांडीवर. नाझोम्बेलाही बोलावलं होतं. तो टोपी मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत बसला. चिमोम्बो सर छत्री टेकवून मागे उभे होते, आणि खरं सांगायचं तर हा सगळा प्रयोग त्या एका माणसासाठी होता.

अर्ध्या तासानं विचारलं, कुणाकुणाला बरं वाटतंय? सतरा हात वर. अंग हलकं, डोकं मोकळं, एकाला तर दूरचं वाचता येऊ लागलं होतं. मी लिफाफा फोडला. सतरांपैकी नऊ जण नुसतं नळाचं पाणी प्यायलेले! मी एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. शेड चिडीचूप. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर इतकी शांतता पसरली होती.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, म्हणजे त्यातही उतरलं!"

नाझोम्बे उठला. "आजींनी अचूक ओळखलं. सगळे मग एकाच टेबलावर होते. हातभर अंतर. चेतना पसरली."

टाळ्या पडल्या. मी टेबलावर हात आपटत होतो, तेही लोकांनी टाळ्यांतच धरलं. मग कुणीतरी विचारलं, "मग एक खडा दोन घरांत चालेल का?" आणि नाझोम्बेचा चेहरा पडला. "नाही, नाही," तो घाईनं म्हणाला, "तसं काही सिद्ध झालेलं नाही." त्या दिवशी आम्हा दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

जाताना सर माझ्याजवळ थांबले. "प्रयोगाची मांडणी चांगली होती," म्हणाले. "मगांत मात्र जास्त अंतर ठेवायला हवं होतंस."

सोमवारी सकाळी सरांच्या बायकोची, मायी चिमोम्बोंची हाक आली. सर भोपळ्याच्या वाफ्यात बसले होते. डाव्या हातातून कुदळ सुटली होती, आणि तो हात तिच्याकडं जातच नव्हता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मला बघून ते काहीतरी म्हणाले, पण अक्षरं एकमेकांत मिसळून आली. ज्या माणसानं मला 'स्पष्ट बोल' म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं, त्याचं बोलणं मला कळेना. शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, त्यांना हॉस्पिटलात नेलं. दाब दोनशे दहा. डॉक्टर म्हणाले, झटका लहान आहे, नशीब म्हणा. बोलणं येईल परत. हाताचं बघू.

बाहेर व्हरांड्यात गल्ली जमली होती. "खडा होता म्हणून वाचले," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी तिथून थेट नाझोम्बेच्या दुकानावर गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती, चांगली धारदार होती. तो सायकलचे जुने सुटे भाग आणि खडे यांच्यामध्ये स्टुलावर बसला होता. मला बघताच उभा राहिला.

"सर कसे आहेत आता? मी सकाळी पपई ठेवून आलो. मायी बोलल्या नाहीत माझ्याशी."

"गोळ्या बंद केल्या म्हणून झालं हे! तुझ्यामुळं!"

"गोळ्या बंद करा असं मी कुणालाच सांगितलं नाही. फलक वाचा."

"चालू ठेवा, असं तरी कुठं लिहिलंस?"

"तसं तुम्हीही कुठं लिहून दिलंत?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मग खाली बसला. "माझ्या आईला रक्तदाब होता, बाम्बो मक्विंजा. चालत जायची आरोग्यकेंद्रात. तीनदा सांगितलं, गोळ्या संपल्यात, पुढच्या महिन्यात या. चौथ्यांदा गेलीच नाही ती. माझ्या दुकानातून माणूस रिकाम्या हातानं परत जात नाही, एवढं मी बघतो."

"तुझा स्वतःचा विश्वास आहे या दगडावर?"

त्यानं स्टुलाखालचा तांब्या दाखवला. तळाशी खडा होता.

माझी धारदार वाक्यं तशीच राहिली. मी एवढंच म्हणालो, "माझं नाव काढ." तो लगेच उठला, बाजारात आला आणि चाकूनं खांबावरचं माझं नाव खरवडून काढलं, सहीसकट. "आता तशी गरजही राहिली नाही," तो नम्रपणे म्हणाला. "लोक एकमेकांचं ऐकूनच येतात." मी टोमॅटोंसमोरून गेलो. मायी फलेसींनी मोजून दिले.

चौथ्या दिवशी सरांचं बोलणं बरंचसं परत आलं. वॉर्डातली सिस्टर टियामिके मला दारातच भेटली. तिनं मूठ उघडली, तीत तीन भिजक्या गोळ्या होत्या. "तुमच्या सरांच्या खिडकीबाहेर सापडल्या. जिभेखाली धरतात आणि मी वळले की टाकतात. घरी गेल्यावर तर बोलायलाच नको. सांगा काहीतरी."

मी पलंगाच्या कडेला बसलो. "सर, का?"

"आपल्या गल्लीतल्या अकरा जणांनी माझं बघून गोळ्या सोडल्या," ते सावकाश, शब्द चाचपत म्हणाले. "मी सांगितलं त्यांना. पुरावा आहे म्हणालो. आता मीच गोळी घेताना दिसलो तर… चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलं मी? चिमोम्बोला दगडानं बनवलं, म्हणतील."

मला त्यांना सांगता आलं असतं, की सर, अब्रूपेक्षा जीव मोठा. पण मी स्वतः फुकटच्या टोमॅटोंवर पंधरा दिवस गप्प बसलो होतो. तो अधिकार माझा नव्हता.

मी घसा खाकरला. मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ऑफिसच्या आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणालो, "सर, अहवालात एक गोष्ट लिहायची राहून गेली. चूक माझी. खडा एकटा काम करत नाही. डॉक्टरची गोळी आणि खड्याचं पाणी रोज बरोबर घेतलं, तरच तो जागा होतो. गोळी सोडली की खडा निजतो."

वॉर्डातलं खोकणंसुद्धा थांबलं. सरांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेलं उत्तर सापडल्यावर ते असंच बघायचे.

"हे तपासलंयस?"

"हो, सर."

"किती वेळा?"

"वीस."

"वीस काय?"

"वीस वेळा, सर."

"हं." त्यांनी उजवा हात पुढं केला. सिस्टर टियामिकेनं त्यावर गोळी ठेवली. "पाणी कुठलं?" सरांनी विचारलं.

"नळाचं," ती म्हणाली.

"असू दे," पलीकडच्या पलंगावरचा म्हातारा म्हणाला, "माझ्या पलंगाखाली खडा आहे. हातभरच अंतर आहे." सरांनी गोळी गिळली, आणि तोंड उघडून सिस्टरला जीभ दाखवली.

रेडिओवर मला पुरा कार्यक्रम दिला होता. शेडमध्ये वीस मग मांडले होते. त्यातलं एक अक्षर कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. हे वाक्य मात्र संध्याकाळच्या आत बाजारात पोहोचलं, आणि पुरावा कुणीही मागितला नाही. एनिफानंच मला ते ऐकवलं, "अहो, ऐकलंत का, गोळीशिवाय खडा निजतो म्हणे." मी म्हटलं, ऐकलंय. गल्लीतले अकराही जण पुढच्या गुरुवारी हॉस्पिटलातल्या गोळ्यांच्या रांगेत उभे होते. त्यांच्या मागं सगळी फुटबॉलची शेड, आणि सगळ्यांत शेवटी, टोपी हातात घेऊन, नाझोम्बे.

महिन्याभरानं सिस्टर टियामिके आमच्या ऑफिसच्या खिडकीशी आली. मला वाटलं, पाण्याची बाटली असेल.

"दहा वर्षं मी घसा फोडून सांगतेय, गोळी घ्या," ती म्हणाली. "तुम्ही एक थाप मारलीत आणि रांग फाटकाबाहेर गेली."

मी मान खाली घातली.

"मान काय घालताय? गोळ्या संपत आल्यात. येत्या गुरुवारी लोकांना काय सांगू, ते सुचवा. खडा सुट्टीवर आहे म्हणू?"

त्या संध्याकाळी मी आणि सर त्यांच्या ओट्यावर बसलो. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. किती रुग्ण, रोज किती गोळ्या, महिन्याला किती, प्रत्येक आकड्याखाली एकक. पत्रात खड्याचा उल्लेख नव्हता. पहिली सही सरांनी उजव्या हातानं केली, डाव्यानं कागद धरायचा प्रयत्न केला आणि तो सरकला, तेव्हा मी धरला. माझी सही खाली, खऱ्या हुद्द्यासकट. बाकी तीनशे सह्या नाझोम्बेनं दुकानात बसून दोन दिवसांत गोळा केल्या. खडा घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाकडून त्यानं आधी सही घेतली. मायी काझेम्बेंनी पत्रावर ऑफिसचा शिक्का मारला, आणि हे कुठल्या नियमात बसतं ते मला विचारू नका, म्हणाल्या.

सात आठवड्यांनी लिलाँग्वेहून गाडी आली. मधल्या चार गुरुवारी लोक रिकाम्या हातानं परत गेले होते. त्यांतल्या मागच्या गल्लीतल्या एका बाईंना आम्ही पुरून आलो. त्यांच्या घरीही खडा होता.

खोकी उतरवायला माणसं कमी होती, म्हणून मी, नाझोम्बे आणि गल्लीतले काहीजण गेलो. सर सावलीत खुर्चीवर बसून यादी तपासत होते. नाझोम्बेनं पहिलं खोकं खांद्यावर घेतलं आणि मागं वळून रांगेला म्हणाला, "बघितलंत ना खड्याची ताकद? थेट राजधानीपर्यंत पोहोचली!"

रांग हसली, माना डोलल्या. सरांनी यादीवरून नजर उचलून माझ्याकडं पाहिलं. मी आत चालू लागलो. माझ्या हातात दुसरं खोकं होतं, आणि ते जड होतं.